पुढच्या सीटवरचा आवाज

लोह्याचा स्टँड मागं पडला, गाडीनं वेग घेतला, आणि पुढच्या सीटवरून पुनम बोलायला लागली.

दयानंद खिडकीला डोकं टेकवून बसला होता. झोप नव्हती, डोळ्यांवर नुसती गुंगी होती. दर रविवारचं हे असंच. पुनमच्या आरोग्य उपकेंद्रावरून पहाटे दुधाच्या जीपनं हिमायतनगर, तिथून नांदेड, नांदेडहून लातूरची एसटी. चार वर्षांत हा रस्ता त्याच्या अंगात इतका मुरला होता, की डोळे मिटूनही कुठला खड्डा आला ते कळायचं. म्हणून आवाज आला तेव्हा आधी त्याला वाटलं, आपण अजून तिथंच आहोत, तिच्या दोन खोल्यांत, आणि ती चुलीजवळून काहीतरी सांगतेय. मग वाटलं, खिशात फोन दाबला जाऊन तिला लागला. पण टेकडीवर चढल्याशिवाय पुनमच्या गावाला रेंजच नव्हती, आणि रात्रभर लाईट नसल्यानं त्याचा स्वतःचा फोन नांदेडलाच बंद पडला होता. त्यानं डोळे उघडले. पुढच्या सीटवर पटका बांधलेला एक म्हातारा होता, शेजारी त्याची बायको. म्हाताऱ्यानं फोन हातावर आडवा धरला होता, आणि त्या फोनमधून पुनम म्हणत होती, "ऐका. मी बोलतेय तेव्हा सोमवार, तुम्ही ऐकाल तेव्हा पुढचा सोमवार. म्हणजे तुम्हाला बायको नेहमी आठवडाभर शिळी मिळते."

दयानंदचा हात आपोआप मांडीवरच्या बॅगेवर गेला. कापडातूनही त्याला डबा कोमट लागला. म्हणजे चालू होता. सकाळी तो अंघोळीला गेला होता तेव्हा पुनमनं आठवड्याचं सगळं नीट भरलंय का ते बघायला डबा लावला असणार, आणि जीपचा हॉर्न ऐकून घाईघाईत तसाच बॅगेत कोंबला असणार.

डबा म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक पांढरी वस्तू. तिला ना सिम लागायचं ना इंटरनेट. बटण दाबलं की ती स्वतःचंच वायफाय सोडायची. आसपासच्या फोनवर नाव यायचं, त्यावर बोट लावलं की आत भरलेली गाणी, चित्रपट, बोलणी सगळी ओळीनं दिसायची. असा एक डबा एका संस्थेनं उपकेंद्राला दिला होता. बाळंतपणाच्या, लसीच्या फिल्मा त्यात होत्या. बायका ओट्यावर बसून आपापल्या फोनवर बघायच्या. दयानंदला तो इतका आवडला, की नांदेडच्या बाजारात हिंडून त्यानं तसाच एक घरच्यासाठी शोधून आणला. शनिवारी जाताना तो त्यात लातूरहून मालिका, गाणी, तिच्यासाठी काय काय भरून न्यायचा. रविवारी येताना त्यात पुनमचा आठवडा असायचा. रोज संध्याकाळी ती उपकेंद्राच्या फोनवर थोडं बोलून ठेवायची, त्याला वाराचं नाव द्यायची. लातूरला एकट्याचा भात शिजेपर्यंत तो त्या त्या वाराचं ऐकायचा. एका दिवशी एकच, असा त्यांचा ठराव होता. पासवर्ड त्यांनी ठेवलाच नव्हता. उपकेंद्राच्या डब्यालाही नव्हता. नावही तेच दिलं होतं, 'सिस्टर'.

"गाडीचं वायफाय हाय हे," म्हातारा बायकोला सांगत होता. "मागं एकदा गाड्यांत असे डबे बसवले होते बघ, पिक्चर दिसायचे. परत सुरू केलं दिसतंय."

"पिक्चर कुठं हाय? नुसती बाई बोलून राहिली."

"सरकारी असल. सिस्टर लिवलंय नाव."

"राहू द्या. चांगली बोलते. आपल्याकडचीच हाय पोरगी."

उठून पुढं वाकून सांगायला हवं होतं की ही माझी बायको आहे, फोन बंद करा. किंवा तेही नको. बॅगेत हात घालून बटण दाबलं की झालं असतं. त्याचा अंगठा बटणावर गेलाही होता. पण त्याच वेळी पुनम उमाबाईचं सांगायला लागली. उमाबाई म्हणजे त्या गावची आशाताई, पुनमचा उजवा हात. डोंगरावरच्या वस्तीतली एक सासू सुनेला बाळंतपणाला उपकेंद्रावर पाठवायला तयार नव्हती. उमाबाईनं उपकेंद्राचा डबा पिशवीत टाकला, वस्तीवर गेली, आणि त्या घरात न जाता मुद्दाम शेजारच्या अंगणात जाऊन बसली. डबा चालू केला. गल्लीतल्या बायका फोन घेऊन गोळा झाल्या. फिल्ममध्ये खुद्द उमाबाईच बोलत होती, हे बघून हसाहशी झाली. शेवटी ती सासू कमरेवर हात ठेवून बांधापाशी आली. "आणि काय म्हणाली माहितीय?" पुनम फोनमध्ये हसत होती, मागं तव्यावर काहीतरी चरचरत होतं. "म्हणाली, आमच्या घरात का लावला न्हाई? आमचं अंगण लहान हाय का?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "आता धाडती बघा ती सुनंला," ती म्हणाली. दयानंदचा अंगठा बटणावरून बाजूला झाला.

त्याला पुनमचा आवाज पाठ होता, असं तो समजत होता. पण तो आवाज आता दुसऱ्याच्या हातातून येत होता, आणि त्यामुळं काहीतरी बदललं होतं. लातूरच्या खोलीत ऐकताना तो तिच्या बोलण्यात स्वतःला शोधायचा. आवाज थकलाय का, आपली आठवण निघाली का, बदलीचं काही म्हणाली का. बाकीचं त्याच्या कानांवरून जायचं. उमाबाई, वस्त्या, तापाचे पेशंट, सगळं तो हो हो करून मागं टाकायचा, प्रवासात मधली स्टेशनं टाकावीत तसं. इथं तो आवाज त्याचा नव्हता. तो त्या दोन म्हाताऱ्या माणसांसाठी बोलत होता, आणि त्यांना दयानंद नावाचा कुणी माणूस माहीतच नव्हता. तेव्हा पहिल्यांदा त्याला ऐकू आलं की ही बाई गोष्ट किती छान सांगते. कुठं थांबायचं तिला कळतं. सासूचा आवाज काढते तेव्हा चेष्टा करत नाही, सासूचीही बाजू घेते. मनात आलं, ही बाई आपल्याला भेटायला हवी होती. आणि लगेच स्वतःचंच हसू आलं.

उमरीला तिच्या घरी पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा ती फार बोलली नव्हती. दोघांचीही लग्नं उशिरा ठरत होती. तो ग्रामीण बँकेत औशाला, ती नांदेड जिल्हा परिषदेची नर्स, थेट डोंगरातल्या उपकेंद्रावर. मध्यस्थानं आधीच सांगून टाकलं होतं, पती-पत्नी एकत्रीकरणात बदली होते, वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न. त्या भरवशावर दयानंदनं लातूरला औसा रोडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिच्यासाठी लोखंडी कपाट घेतलं. खिडकीला पडदे लावले नाहीत, रंग ती आल्यावर ठरवू म्हणून. देवणीजवळच्या गावाहून आई, केवळाबाई, फोन करायची, कधी येणार पुनम? तोही पुनमला दर आठवड्याला विचारायचा, काही कळलं का? कधी होईल? ती म्हणायची, बघू. चार वर्षं झाली. त्या खोल्यांत तो पाहुण्यासारखा राहत होता, एक ताट, एक वाटी, एक तांब्या. खरं जगणं पुढं आहे, ऑर्डर आली की सुरू होईल, अशा हिशेबानं.

माळाकोळीला गाडी थांबली. दोन माणसं उतरली, चार चढली. म्हाताऱ्यानं मंगळवार लावला होता, त्यात उपकेंद्राच्या पत्र्यावर माकडं आली होती आणि त्यांनी वाळत घातलेल्या कुरडया नेल्या होत्या. बुधवारी काही विशेष नव्हतं, पुनम नुसती दमलेली होती, आणि म्हातारी म्हणाली, "दमली बिचारी. एकटीच राहती का काय?" मग ती म्हणाली, "आखरीचं लावा ना. त्या सुनंचं काय झालं ते कळल."

"आखरीचं म्हणजे शुक्रवार."

"लावा मग."

शुक्रवार. दयानंद सावरून बसला. शुक्रवारचं त्याला शुक्रवारीच ऐकायचं असायचं. दुसऱ्या दिवशी निघायचं असे, त्या रात्रीचा भातही गोड लागायचा. हे रविवारीच, भर उन्हात, अनोळखी माणसांबरोबर ऐकणं म्हणजे लपूनछपून काही केल्यासारखं वाटलं. तरी त्यानं बटण दाबलं नाही.

"आज शुक्रवार," पुनम म्हणाली. आवाज खालचा होता. मागं तवा नव्हता, काही नव्हतं. "अहो, हे तुम्ही यायच्या आदल्या रात्री ऐकाल, म्हणून मुद्दाम इथं ठेवलंय. एक रात्र तुमची तुम्हाला मिळावी. उद्या तुम्ही याल, पण समोर बसून मला हे बोलता येणार नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही मान हलवायला लागता, आणि मग मला तुम्हाला बरं वाटेल तेच बोलावंसं वाटतं. ऑर्डर आली आज. लातूर जिल्हा मिळाला. चाकूर तालुक्यात उपकेंद्र आहे, तुमच्या खोलीवरून रोज जाऊन येण्यासारखं. ज्याची तुम्ही चार वर्षं वाट बघताय ते आलं. आणि मी तुम्हाला फोन करायला टेकडीवर निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत आले."

म्हाताऱ्यानं बायकोकडं बघितलं. ती फोनकडं बघत होती.

"मला आनंद झाला नाही हो. तुमच्यावर माझा जीव आहे, हे तुम्हाला सांगायला पाहिजे असं नाही. शनिवारी जीपचा आवाज आला की मी अजून आरशात बघते. पण तुम्ही रविवारी गेलात की आधी मी रडायचे, आता रडत नाही. मी सोमवारच्या लसीची तयारी करते, आणि मला बरं वाटतं. तुम्ही गेलात म्हणून नाही. माझं काम मला समोर दिसतं म्हणून. इथं मला उमाबाई आहे, वस्त्या आहेत, रागावणाऱ्या सासवा आहेत. लातूरच्या खोलीत मला काय दिसेल ते कळत नाही. तिथं माझं कपाट आहे, आणि मी उघडलं की त्यात नुसत्या डांबराच्या गोळ्या. तुम्ही विचारता, कधी येणार. आई विचारतात, कधी येणार. येतेस का, असं कुणी विचारलंच नाही. तुमची काही चूक नाही. अर्ज भरताना मीही स्वतःला विचारलं नव्हतं. नको असेल तर पंधरा दिवसांत कळवायचं असतं. तुम्ही ये म्हणालात तर मी येईन. राग धरून येणार नाही, खुशीनं येईन, जमवून घेईन. पण तुम्ही आधी..."

फोनमध्येच मागून कुणीतरी ओरडलं, सिस्टर, ओ सिस्टर. "थांबा, आले," पुनम म्हणाली, आणि आवाज बंद झाला.

"आधी काय?" म्हातारी म्हणाली. "पुढचं लावा."

"पुढं न्हाई. संपलं."

गाडी घरघरत होती. बाहेर सोयाबीनची रानं पिवळी पडायला लागली होती. दयानंदला वाटलं, सगळी गाडी आपल्याकडं बघतेय. कुणीही बघत नव्हतं.

"नाटकच दिसतंय," म्हातारा म्हणाला.

"नाटक कशाचं. खरं बोलली बाई."

"मग नवऱ्यानं काय करावं म्हणती तू?"

"काय करावं? गप ऐकून घ्यावं आधी." म्हातारी त्याच्याकडं वळली. "तुमी इचारलं होतं का मला कवा?"

"काय इचारायचं होतं, पंचफुला?"

"काय बी."

म्हाताऱ्यानं फोन खिशात ठेवला. खिडकीतून वारं येत होतं, म्हातारीचा पदर उडत होता. मग घसा साफ करून तो म्हणाला, "खिडकी लावू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "वारं बरं लागतंय."

दयानंदला पहिल्यांदा आला तो रागच. काल दुपारपासून ती त्याच्याबरोबर होती. थालीपीठ केलं, त्याच्या शर्टाचं बटण लावलं, संध्याकाळी दोघं ओढ्यापर्यंत जाऊन आली. ऑर्डर तेव्हा कपाटात होती आणि ती विचारत होती, लोणी अजून वाढू का. आणि त्यानं स्वतः कालच, ओढ्याच्या काठावर, नेहमीचंच विचारलं होतं. काही कळलं का गं? ती खाली वाकून पाण्यात हात बुडवत म्हणाली होती, बघू. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. ओल्या हातानं तिनं त्याच्या कोपराला धरलं होतं, एवढं मात्र आता आठवलं. कोपर अजून गार असल्यासारखं वाटलं. मग रागाच्या जागी भीती आली. शनिवारपर्यंत अजून सहा रात्री. सोमवारी सोमवार ऐकायचा, मंगळवारी माकडं, आणि शुक्रवारी काही माहीत नसल्यासारखं शुक्रवारचं. ठरलं होतं तसं करायचं तर तेच करायला हवं. तिनं त्याला एक रात्र दिली होती आणि त्याच्याकडं चुकून आठवडा आला होता. पण सहा रात्री ती तिकडं काय करत असेल? त्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेत बसली असेल. ये म्हणतील, की नुसतीच मान हलवतील, असा.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा तो बॅग घेऊन उठला. उठेपर्यंत त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. पुढच्या सीटजवळून जाताना म्हातारीनं वर बघितलं.

"पाव्हणं, लातूरचं तिकीट काढलं होतं ना तुमी?"

"हाव, मावशी. मागं राहिलंय काहीतरी."

तिनं त्याच्याकडं, मग छातीशी धरलेल्या त्याच्या बॅगेकडं बघितलं. काय समजली कोण जाणे. "जावा मग," म्हणाली. "ऊन हाय, पाणी पिऊन जावा."

परतीच्या गाडीत त्याला उभंच राहावं लागलं. डबा त्यानं बंद केला होता. उलट्या बाजूनं तोच रस्ता दिसत होता, आणि रविवारी दुपारी आपण नांदेडकडं चाललोय हे अंगाला ओळखीचं वाटत नव्हतं. विचार करायचा म्हणून तो करत होता, पण विचारापेक्षा चित्रंच येत होती. औशाची शाखा, तिथला पंखा, काउंटरवरची कळकट काच. ती शाखा आपल्याला आवडते का? आवडत नव्हती, नावडत नव्हती. लातूरची खोली? तिच्यासाठी घेतलेली. मग आपल्याला काय आवडतं, असं त्यानं स्वतःला विचारलं. बऱ्याच वेळानं भोकरच्या पुढं, डोंगर दिसायला लागल्यावर उत्तर आलं. शनिवारची जीप. घाटाच्या वळणानंतर अंगाला लागणारा गारवा. ओट्यावर बसलेल्या बायकांचं त्याला बघून एकमेकींना कोपरानं ढोसणं, सिस्टरचे मालक आले म्हणून. हिमायतनगरला त्याच्याच बँकेची शाखा होती. तिकडं जायला कुणी राजी नसायचं. ज्याला धाडलं तो आल्या दिवसापासून परतीच्या खटपटीला लागायचा. दर शनिवारी तो त्या शाखेच्या पाटीखालून जायचा आणि ती पाटी त्यानं आजवर वाचून सोडून दिली होती.

पोचला तेव्हा दिवस कलला होता. ओट्यावर तागडीच्या झोळीत एक बाळ लोंबत होतं आणि पुनम काट्याकडं बघत होती. बाळाची आई शेजारी उभी. पुनमनं वर बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. सगळं बरं आहे. तू तुझं होऊ दे."

तिनं वजन घेतलं, कार्डावर लिहिलं, बाळाला काय खाऊ घालायचं ते त्याच्या आईला सांगितलं. बाई बाळ घेऊन गेली तेव्हा दोघं आत आली. दयानंदनं डबा बॅगेतून काढून तिच्यासमोर ठेवला.

"हा चालू राहिला होता," तो म्हणाला.

"बरं मग? बॅटरी उतरली असेल."

"गाडीत एका म्हाताऱ्याच्या फोनला लागला. पुढच्याच सीटवर. त्यानं ऐकलं, त्याच्या बायकोनं ऐकलं. शुक्रवार पण."

पुनम खाली बसली. मग म्हणाली, "कुणी कुणी ऐकलं?"

"ती दोघं. आणि मी. ड्रायव्हरपर्यंत गेलं नसेल."

तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, आणि जवळ जावं की नाही तेही. शेवटी ओढणीआडूनच तिनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या बाई?"

"खरं बोलली, म्हणाल्या."

"आणि ते?"

"त्यांनी बायकोला विचारलं, खिडकी लावू का."

पुनमनं ओढणी खाली घेतली. तोंड ओलं होतं. मग त्याला सगळं सांगावं लागलं, पहिल्यापासून, अंगणाची सासू, माकडं, म्हातारीचा पदर. तिला सांगता यायचं तसं त्याला येत नव्हतं. तो मधलं विसरायचा, परत मागं जायचा. ती गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती.

"तू मधेच थांबलीस," तो म्हणाला. "पण तुम्ही आधी, एवढं म्हणालीस आणि कुणी हाक मारली. आधी काय?"

"एका पोराला विंचू चावला होता. परत आले तर मला आठवेना काय म्हणत होते."

"आठवून बघ ना. मी अहमदपूरहून परत आलोय."

तिनं खरंच प्रयत्न केला. भिंतीकडं बघत ओठ हलवले. "नाही हो आठवत. आधी जेवून घ्या, असंही असेल."

दोघं हसली, पण हसणं लगेच संपलं, कारण बोलायचं अजून राहिलंच होतं. दयानंदनं हिमायतनगरच्या शाखेचं सांगितलं. ती ऐकता ऐकता ताठ झाली.

"माझ्यासाठी त्याग बिग करू नका," ती म्हणाली. "तुम्ही इथं येऊन तोंड पाडून बसलात तर मला दिवसभर तेच दिसेल. ते मला झेपायचं नाही."

"त्याग नाही. मी गाडीत उभा राहून विचार केला. लातूरला माझं काय आहे, तुझं कपाट सोडून? इकडं यायचं मला बरं वाटतं. किती बरं वाटतं ते कधी मोजलं नव्हतं, कारण परत जायचंच असायचं." तो जरा पुढं सरकला. "पण हे गाव तुझं आहे. तुझा आठवडा तुझा आहे. म्हणून विचारतोय. मी इकडं येऊ का?"

त्याला वाटलं होतं, ती लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, "मला विचार करू द्या."

त्याला लागलं. पण गाडीत जे ऐकलं होतं ते ऐकून आता तक्रार करायला तोंड नव्हतं. "कर," तो म्हणाला.

"रागावलात?"

"थोडा."

"असू द्या थोडा," असं म्हणून ती उठली आणि पिठाचा डबा काढला.

सकाळी तो जीपची वाट बघत उभा होता. ती वस्तीवर निघाली होती. लसीची निळी पेटी खांद्याला अडकवत होती, पट्टा पिळला गेला होता, तो सरळ करताना तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. "या," ती म्हणाली. आधी त्याला वाटलं, निरोप देतेय. मग ती पुढं म्हणाली, "पण गॅसची टाकी हिमायतनगरहून तुम्ही आणायची. आणि माझ्या पेशंटांना मधेमधे प्रश्न विचारायचे नाहीत."

औशाला त्याचे साहेब, बसवंतराव, यांनी अर्ज परत परत वाचला. "तिकडं? आपखुशीनं?" ते म्हणाले. "बायकोचं येणं रद्द झालं का?" दयानंद म्हणाला, माझं जाणं ठरलं. केवळाबाई फोनवर एवढंच बोलल्या, "सून येणार येणार म्हणता म्हणता लेकच गेला." मग काही दिवस त्यांनी फोन घेतला नाही. त्यानंतर देवणीच्या बाजाराला आलेल्या एका पाहुण्याकडून त्यांनी मोठं गाठोडं धाडलं, शेवया, तिखट, आणि दोन गोधड्या. डोंगरात थंडी असते म्हणून. लोखंडी कपाट दयानंदनं घरमालकाला देऊन टाकलं. पुनमनं ऑर्डर नाकारल्याचं कळवलं, त्या दिवशी संध्याकाळी ती टेकडीवर गेली आणि त्याला फोन लावून बराच वेळ काही बोललीच नाही. नुसता वारा ऐकू येत होता. तोही धरून राहिला.

दिवाळी झाल्यावर तो आला. पहिलं भांडण बुधवारी झालं. पुनमची बॅग दाराजवळच्या खुंटीला असायची. त्यानं तिथं आपला शर्ट अडकवला आणि बॅग आत नेऊन ठेवली. वस्तीवरून कुणीतरी धापा टाकत बोलवायला आलं, पुनमनं अंधुक उजेडात खुंटीला हात घातला, हातात शर्ट आला. परत आली ती लालबुंद होऊन. "इथं माझी बॅग असते म्हणजे असते," ती म्हणाली. "एका मिनिटात काय होतं ते तुम्हाला बँकेत बसून कळणार नाही." तोही बोलला, चूक कबूल करता करता मधेच बोलला, की मग माझी खुंटी कुठली ते तरी सांग, मी काय खांद्यावर शर्ट घेऊन झोपू? मग जुनंपानं निघालं, डाळीत मीठ, दिवा कोण मालवतं, आईशी फोनवर किती बोलायचं. एवढं सगळं दोघांच्या पोटात कधी साठलं, त्याला कळेना. शनिवार-रविवारात भांडायला वेळ कुठं होता? दोन दिवस गोड राहायचं आणि निघायचं. शेवटी पुनम म्हणाली, "मी बोलणार नाही आता," आणि खरंच बोलली नाही. जेवताना भाकरी त्याच्या ताटात टाकली, तीही लांबून.

सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा दाराजवळच्या भिंतीत दुसरी खुंटी ठोकलेली होती. तिरकी होती, चुना गळून खाली पडला होता. पुनम अंगणात चपला घालत होती, हातावर अजून चुन्याची धूळ. त्यानं शर्ट उचलून त्या खुंटीला अडकवला. खुंटी लगेच शर्टासकट खाली आली.

पुनमनं मागं वळून बघितलं. न बोलायचं ठरलेलं होतं, ती थोडा वेळ ओठ दाबून उभी राहिली.

"हातोडी उमाबाईकडं आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी तुम्हीच ठोका."